अक्षर वेगळं, शुद्धलेखन वेगळं: घरी शिकणाऱ्या मुलाचं लिहिणं सुधारताना

मुलाची वही बघून आईबाप म्हणतात, ‘याचं लिहिणं लयच खराब आहे.’ वही एक असली तरी त्यात दुखणी दोन असतात. एक हाताचं: पेन्सिल नीट धरता येत नाही, अक्षर लहान-मोठं होतं, ओळ वर-खाली जाते, दोन ओळी झाल्या की बोटं दुखतात. दुसरं नजरेचं आणि आठवणीचं: ‘पाणी’चं ‘पानी’ होतं, ‘तुरीत’चं ‘तूरीत’ होतं. भरलेल्या वर्गात बाईंना दोन्हींचा समाचार एकाच लाल पेनानं घ्यावा लागतो. घरी ती सक्ती नाही. म्हणून पहिला नियम हा: अक्षर गिरवताना शुद्धलेखन तपासू नका आणि शुद्धलेखनाच्या वेळी अक्षराला नावं ठेवू नका. दोन्हींची वेळ वेगळी, वही वेगळी. यापुढचं सगळं या नियमावरच उभं आहे.

मी हे लिहिताना सहा ते बारा वर्षांची, वऱ्हाडी बोलणाऱ्या घरात वाढलेली मुलं डोळ्यांसमोर धरली आहेत. शहरातल्या पालकांसाठीचा मजकूर भरपूर आहे, पण त्यातलं निम्मं सामान आपल्या तालुक्याच्या ठिकाणी मिळत नाही, आणि आपल्याकडे जे आहे त्याचा त्यात पत्ता नसतो.

आठवडाभर नुसतं बघा

लगेच सराव सुरू करू नका. मूल लिहीत असताना त्याच्या शेजारी भाजी निवडत बसा आणि डोळा ठेवा. पेन्सिल किती बोटांत धरली आहे? दुसरा हात वही दाबून धरतो, की मांडीवर पडून राहतो? कागदाला मागून वळ उठतील इतका जोर लावतो का? ‘ग’ वरून काढतो की खालून? शिरोरेषा आधी ओढून ठेवतो आणि मग तिला अक्षरं टांगतो का? डोकं वहीवर किती झुकतं?

हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. वहीत नाक खुपसून लिहिणाऱ्या मुलाचे आधी डोळे तपासा, मग अक्षराकडे वळा. शाळेत जाणाऱ्या मुलांची तपासणी करायला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. ० ते १८ वयासाठीचा हा कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. पण तुमचं मूल घरी शिकतं, म्हणजे त्या हजेरीत ते नाही, आणि त्याला कोणी शोधत येणार नाही. आशाताईंना किंवा अंगणवाडीताईंना सांगून ठेवा की पथक गावात आलं की निरोप द्या. नाहीतर स्वतःच ग्रामीण रुग्णालयात घेऊन जा. चष्म्याचा नंबर लागला आणि महिन्याभरात अक्षर ओळीवर आलं, असं होतं.

मूल डावखुरं असेल तर ते तसंच राहू द्या. घरात आजी ‘जेवायचा हात धर’ म्हणून मागे लागेल. तिला जेवणापुरतं जिंकू द्या, पेन्सिलीपुरतं नको. डावखुऱ्या मुलाची वही थोडी उजवीकडे कलती ठेवायची, उजव्या हाताच्या मुलाची थोडी डावीकडे. डावखुऱ्याचा हात लिहिलेल्यावरून फिरतो आणि शाई-पेन्सिल पुसटते, म्हणून त्याला पेन्सिल टोकापासून जरा वर धरायला सांगा.

हात आधी, अक्षर नंतर

स्वतःच्या खराब अक्षराची गांधीजींना आयुष्यभर खंत होती. मुलांना आधी चित्र काढायला शिकवावं आणि अक्षर मागून आणावं, असं त्यांचं मत होतं. १९३६ पासून ते सेवाग्रामला राहिले, आणि हातानं काम करत शिकायचं ही नयी तालीमची कल्पना १९३७ च्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत मांडली गेली. आपल्याच जिल्ह्यांतली ही गोष्ट आपण विसरतो आणि चार वर्षांच्या पोराच्या हातात चौरेघी वही देतो.

लिहायला लागणारा जोर अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट या तिघांत लागतो. तो जोर आणायला बाजारातून काही आणायची गरज नाही. वऱ्हाडात कापूस सापडणार नाही असं घर विरळाच. मूठभर कापूस घ्यायचा, बोटांनी सरकी काढायची, पिंजून मोकळा करायचा, आणि आजीजवळ बसून वाती वळायच्या. लांब वात वळताना कापूस चिमटीत धरून हळूहळू ओढावा लागतो. जोर जास्त झाला तर तुटतो, कमी झाला तर पीळ बसत नाही. फुलवातीला तर दुधाचं बोट लावून वरचं टोक चिमटीतच वळावं लागतं. पेन्सिल धरायची पकड हीच. रोज दहा वाती, देवापुढे लागतातच.

हिवाळ्यात तुरीच्या हिरव्या शेंगा सोलायला बसवा, भुईमुगाच्या शेंगा फोडायला द्या, कणीक तिंबायला द्या. तान्ह्या पोळ्याआधी चिकणमातीचे बैल करायला लावा; बाजारचा लाकडी बैल असला तरी एक मातीचा हवाच. शिंगं बारीक वळताना तीन बोटं कशी कामाला लागतात ते बघा. आणि दारात रांगोळी, मुलगा असला तरी. ठिपक्यांवरून वळण घेत रेघ नेणं आणि अक्षर काढणं यात मला तरी फारसा फरक दिसत नाही.

सहा-सात वर्षांच्या मुलाचा हात अगदीच लुळा वाटत असेल तर महिना-दीड महिना फक्त हेच करा, वही बंद ठेवून. शेजारचे विचारतील, ‘काहून जी, अभ्यास नाही का घेत?’ विचारू द्या.

बैठक, पेन्सिल, वेळ

जमिनीवर मांडी घालून, वही फरशीवर ठेवून लिहिणं ही आपल्याकडची सर्रास पद्धत. त्यात पाठ वाकते, छाती गुडघ्याला टेकते आणि हात खांद्यापासून हलतच नाही. दोन विटांवर पाट ठेवला तरी पुरतं. मुलाचं कोपर आणि पाटाची उंची साधारण एक झाली पाहिजे. पाटाची पलीकडची बाजू दोन बोटं उंच असेल तर आणखी बरं.

पेन्सिल नवी कोरी, लांब देऊ नका. बोटभर उरलेला तुकडा द्या. तुकडा लहान असला की मुठीत धरताच येत नाही, तीन बोटांतच धरावा लागतो. ‘अशी धर, तशी धर’ असं ओरडावं लागत नाही. खडूचंही तेच, अर्धा मोडून द्या. पेन्सिलीवर चढवायचे रबरी गट्टू मिळतात, पण तुकड्यानं काम होत असेल तर ते कशाला?

वेळ दिवसाला दहा-पंधरा मिनिटं. त्याहून जास्त नाही, आणि ती सकाळी. चैत्र-वैशाखात आपल्याकडे दुपारी हाताला घाम सुटतो, कागद चिकटतो, वीज गेलेली असते आणि मायलेक दोघांचंही डोकं तापलेलं असतं. मे महिन्यात मी वही काढूच देत नाही. पाटी, ओला बोळा आणि लिंबाची सावली.

अक्षर गिरवण्याचा क्रम

क, ख, ग, घ हा क्रम तोंडासाठी आहे, हातासाठी नाही. ‘क’ हे हाताला बऱ्यापैकी अवघड अक्षर आहे आणि ‘ख’ त्याहून. जुन्या मास्तरांनी ‘ग म भ न’पासून सुरुवात केली ती उगाच नाही: एक उभी रेघ आणि तिच्या डावीकडे लहानसा फरक. गटानं घ्या. आधी ग, म, भ, न. मग र, स, ख. मग व, ब, क. मग प, ष, फ. ट, ठ, ढ, द एकत्र. घ, ध, छ सगळ्यात शेवटी, कारण घ आणि ध यांची गल्लत मोठ्या मुलांचीही होते.

या गल्लतीवर एक सोपी खूण आहे. भ, ध आणि थ यांच्या डोक्यावरची रेघ पूर्ण नसते, डावीकडे ती तुटलेली असते. म, घ आणि य यांची पूर्ण असते. मुलाला सांगा, ‘ध चं डोकं उघडं, घ नं टोपी घातली.’ मग दोन्ही अक्षरं एका दिवशी शिकवू नका. आधी एक पक्कं होऊ द्या, दोन-तीन आठवडे जाऊ द्या, मग दुसरं.

प्रत्येक नवं अक्षर आधी मोठं काढायचं: अंगणातल्या मातीत काडीनं, पाटीवर ओल्या बोटानं, भिंतीवर खडूनं. हातभर अक्षर काढताना खांदा आणि कोपर हलतात आणि वळण अंगात बसतं. सुरुवात कुठून हे बाणानं दाखवा. मग पाटीवर तळहाताएवढं, आणि मग दुरेघी वहीत. एकरेघीची घाई नको.

शिरोरेषा शेवटी ओढायची, शब्द पूर्ण झाल्यावर, एका दमात. याचा दुहेरी उपयोग होतो. शब्द एकाला एक चिकटवून लिहायची खोड असलेल्या मुलाला ‘मधे बोटभर जागा सोड’ असं सांगून काही होत नाही. पण ‘जिथं शब्द संपला तिथं रेघ तोड’ हे त्याला हातानं कळतं. ओढता ओढता त्याचं त्यालाच दिसतं की दोन शब्दांवर एकच रेघ गेली.

पानभर एकच अक्षर गिरवायला लावू नका. तिसऱ्या ओळीपासून मूल लक्ष काढून घेतं आणि उरलेल्या ओळींत चुकीचं वळण पक्कं होतं. एक ओळ पुरे. ती झाली की त्यातलं सगळ्यात चांगलं अक्षर कोणतं ते मुलालाच निवडायला सांगा आणि त्याभोवती गोल करायला लावा. तुम्ही निवडू नका. ‘ल’ आणि ‘श’ यांची दोन वळणं छापील मजकुरात दिसतात, एक मराठी पुस्तकांतलं, एक हिंदीतलं. बालभारतीच्या पुस्तकातलं वळण धरा आणि दुसरं फक्त ओळखता आलं की झालं. ही पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट मिळतात.

आता शुद्धलेखन: चुका मोजू नका, वेगळ्या करा

खाली एका नऊ वर्षांच्या मुलाच्या वहीत सापडेल असा मजकूर देते:

तूरीत रोई घूसले. आजानं हाकलले. ते पयाले. वीहीरीत पानी नाई. मंग मी घरी आलो.

लाल पेन घेतलं तर आठ शब्दांवर गोल पडतील आणि मूल वही मिटून ठेवेल. पण जरा थांबून बघा. रोई (रोही, म्हणजे नीलगाय), पयाले (पळाले), पानी, नाई, मंग: हे पाच शब्द त्यानं घरात ऐकले तसे लिहिले आहेत. म्हणजे त्याचा कान उत्तम आहे आणि ऐकलेलं अक्षरात उतरवायची कला त्याला आलेली आहे. उरलेले तीन, तूरीत, घूसले, वीहीरीत, हे ह्रस्व-दीर्घाचे. काना, मात्रा, जोडाक्षर यांतलं एकही चुकलेलं नाही. आठ गोल, पण ढीग दोनच. आणि गोष्ट काय झकास सांगितली आहे ते वेगळंच!

मागच्या दोन-तीन आठवड्यांची पानं घेऊन असे ढीग करा. साधारण चार निघतात: बोलीचे, ह्रस्व-दीर्घाचे, जोडाक्षर-रफाराचे, आणि सुटलेल्या काना-मात्रा-टिंबांचे. ज्याचा ढीग मोठा तो आधी घ्या. बाकीच्या चुका तेवढे दिवस दिसल्या तरी गप्प बसा. हे गप्प बसणं फार अवघड जातं, विशेषतः बाबांना.

*बोलीचा ढीग.* वऱ्हाडीत ण चा न होतो आणि ळ चा य: कोन, पानी, काया, डोया, शाया. विस्तवाचा इस्तो होतो. म्हणून ‘नीट ऐक आणि लिही’ हा सल्ला आपल्या मुलांना उलटा लागू पडतो. त्यानं नीट ऐकलं म्हणूनच तर ‘पानी’ लिहिलं. इथे कान नाही, डोळा लागतो. आणि पोराचं बोलणं सुधारायला मुळीच जाऊ नका. ज्या रिद्धपुरात महानुभावांनी मराठी गद्य लिहिलं ते अमरावती जिल्ह्यातच आहे. आपल्या बोलीला कोणापुढे खाली मान घालायची गरज नाही. मुलाला एवढंच सांगा की वहीतली भाषा ही लग्नाला जाताना घालायच्या कपड्यांसारखी असते. घरी ते कपडे कोणी घालत नाही.

दोन रकान्यांची वही करा. डावीकडे ‘घरात’, उजवीकडे ‘वहीत’. डावीकडे पानी, उजवीकडे पाणी. डावीकडे मले, उजवीकडे मला. डावीकडचे शब्द मुलानं आजीकडून गोळा करून आणायचे. ‘आबा इया म्हणतात, तो विळा आहे’ असे शोध मुलं स्वतः लावतात आणि त्यांना त्याची चटक लागते.

एक सावधगिरी. काही आठवड्यांनी मूल उलट्या बाजूनं चुकायला लागेल: ‘वणस्पती’ लिहील, ‘गाय’चं ‘गाळ’ करील. घाबरू नका, नियम डोक्यात शिरल्याची ती खूण आहे. मग न आणि य खरोखर जिथे आहेत असे शब्द वेगळे काढा: मन, वन, पान, गाय, पाय, साय. झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, घरांत बोली वेगळी, पण ण चा न तिकडेही होतो. रकाने तसेच, शब्द तुमचे.

*ह्रस्व-दीर्घाचा ढीग.* हा सगळ्या महाराष्ट्राचा ढीग आहे. आज बोलताना इ-ई आणि उ-ऊ यांतला फरक बहुतेकांच्या तोंडी राहिलेला नाही, त्यामुळे इथेही ऐकून उपयोग नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांना शासनानं १९६२ मध्ये मान्यता दिली, १९७२ मध्ये त्यांत भर पडली, आणि आता ते १८ आहेत. मुलाला अठरा सांगू नका. तीन सांगा:

शब्दाच्या शेवटी वेलांटी किंवा उकार आला तर दुसरा, म्हणजे दीर्घ. पाटी, शेती, लिंबू, गहू.

शेवटचं अक्षर मोकळं असेल, म्हणजे त्याला काना-मात्रा काही नसेल, तर त्याच्या आधीची वेलांटी-उकार दीर्घ. तूर, मूग, पीक, वीज, मीठ, जमीन, विहीर.

पण त्याच शब्दाला शेपूट लागलं की तो दीर्घ गळून ह्रस्व होतो. तुरीत, मुगाचं, पिकाला, विजेचं, मिठात, जमिनीवर, विहिरीत.

वरच्या मजकुरातले ‘तूरीत’ आणि ‘वीहीरीत’ या तिसऱ्या नियमात बसतात, आणि गंमत अशी की मुलाला ‘तूर’ बरोबर येत असल्यामुळेच ‘तूरीत’ चुकलं. शेतातलेच शब्द घेऊन जोड्या लावा. वावरात चालता चालता तोंडी खेळता येतं. तुम्ही म्हणायचं ‘पीक’, त्यानं म्हणायचं ‘दुसरी’. तुम्ही ‘पिकाला’, तो ‘पहिली’. ‘कापूस’ म्हटलं की मात्र फसगत होते: कापसाचा म्हणताना उकारच उडतो. ‘उडीद’चंही तसंच, उडदाचं वरण.

संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमांना जुमानत नाहीत: गुण, विष, मंदिर, आणि तिकडे परीक्षा, पूजा, सूर्य. ‘आणि’, ‘परंतु’ हेही शेवटी ह्रस्वच. हे पाठच करावे लागतात, थोडे थोडे. नियमात बसत नाहीत म्हणून मुलाला समजावत बसू नका, त्याला ते पटणार नाही आणि त्याचं बरोबर असेल.

गावाच्या नावातला ‘पूर’ दीर्घ: नागपूर, चंद्रपूर, अचलपूर, मूर्तिजापूर. पण नागपुरात, चंद्रपुरात. रेल्वे स्टेशनच्या पाटीवर मूल ‘नागपुर’ही वाचेल. ती हिंदीतली ओळ आहे आणि हिंदीत तेच बरोबर. दोन्ही ओळी एकाखाली एक दाखवा. मुलाच्या डोक्यातला गोंधळ बराचसा तिथेच संपतो.

*जोडाक्षरं आणि रफार.* टाळ्या वाजवून शब्द मोडायचा: सू-र्य, दोन टाळ्या. ऐकताना र आधी येतो, पण त्याची खूण पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसते. मुलं ती मागच्या अक्षरावर बसवतात. पहिल्या वेलांटीचं याच्या उलट: ‘कि’ म्हणताना क आधी ऐकू येतो आणि वेलांटी डावीकडे काढावी लागते. अडखळणाऱ्या मुलाला आधी अक्षर काढू द्या, डावीकडे जागा सोडायला शिकवा, मग वेलांटी. वऱ्हाड हा शब्द स्वतःच अवघड आहे. तो पाटावर चिकटवून ठेवा आणि रोज नजरेखालून जाऊ द्या.

सुटलेल्या काना-मात्रांसाठी वेगळा धडा नको. लिहून झालं की मुलानं बोट ठेवून, वाक्य शेवटाकडून सुरुवातीकडे, एकेक शब्द वाचायचा. अर्थाचा ओघ तुटला की सुटलेलं दिसतं.

रोजचा सराव कसा

दिवसाला पाच शब्द, एकाच ढिगातले. बघ, म्हण, झाक, लिही, उघड. म्हणजे शब्द नीट बघायचा, मोठ्यानं म्हणायचा, हातानं झाकायचा, आठवून लिहायचा, उघडून ताडून बघायचा. बघून उतरवणं आणि आठवून लिहिणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दहादा उतरवलेला शब्द उद्या विसरतो, दोनदा आठवून लिहिलेला टिकतो. तेच पाच शब्द दुसऱ्या दिवशी, मग दोन-तीन दिवसांनी, मग आठवडी बाजाराच्या दिवशी पुन्हा.

श्रुतलेखन घ्या, पण दगा देऊन नको. उद्या कोणतं वाक्य येणार ते आज सांगून टाका. ‘विहिरीवरची मोटर बंद पडली आणि बाबा जमिनीत पाय रोवून उभे राहिले.’ मुलानं रात्री ते वाक्य चाळायचं, कठीण शब्द शोधून ठेवायचे. सकाळी बरोबर आलं तर ती चोरी नाही, तेच शिकणं आहे.

खरं काम मिळालं की सराव आपोआप होतो. बाजाराची यादी, दुधाचा हिशेब, मजुरीची वही, मावशीला निरोप. मुलाच्या यादीत ‘मीरची’ असली तरी मिरची घरी येते. यादीवर लाल पेन चालवू नका, फक्त पुढच्या आठवड्याच्या पाच शब्दांत मिरची घाला. आणि बाजारात फिरताना दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका शोधायचा खेळ लावा. तालुक्याच्या गावात एका गल्लीतच आठवड्याचा अभ्यास निघतो. मोठ्यानं हसायचं नाही एवढं आधी ठरवून घ्या.

गोष्ट अडकू देऊ नका

ज्या मुलाचा हात आणि शुद्धलेखन दोन्ही कच्चं आहे ते मूल हळूहळू कमी लिहायला लागतं. ‘रोही आले, गेले’ एवढंच. सांगायला मात्र त्याच्याकडे अर्ध्या तासाची गोष्ट असते. म्हणून आठवड्यातून दोनदा त्यानं सांगायचं आणि तुम्ही लिहायचं, त्याच्याच शब्दांत, ‘काहून’ला ‘का’ न करता. मग त्यातली दोन वाक्यं त्यानं निवडून आपल्या वहीत, वहीच्या भाषेत उतरवायची. मोबाईलवर मराठीत बोलून टाईप करण्याची सोयही वापरा. यंत्र बोली ऐकून गोंधळतं आणि भलतंच उमटवतं. ते दुरुस्त करताना मूल खूप काही शिकतं, आणि चूक त्याची नसून मोबाईलची असल्यामुळे मजेत शिकतं.

इंग्रजी स्पेलिंगबद्दल एवढंच: देवनागरीचं वळण हाताला बसेपर्यंत इंग्रजी अक्षरं लिहायला लावू नका. तोवर इंग्रजी तोंडी चालू द्या.

सुधारत नसेल तर

मूल आठ वर्षांचं झालं, सहा-आठ महिने रोज थोडा सराव झाला, तरीही अक्षरांची उलटापालट होते, वाचतानाही तसंच अडखळतं, समोरचं बघून उतरवताना ओळी गाळतं, एकच शब्द एका पानावर तीन तऱ्हांनी लिहितं, तर ती आळशीपणाची लक्षणं नव्हेत. डिस्लेक्सिया (वाचण्यातली अडचण) किंवा डिस्ग्राफिया (लिहिण्यातली अडचण) असू शकतो. घरात बापाला किंवा काकाला लहानपणी असंच होतं का तेही विचारा. हे घराण्यात चालतं. भूतबाधा, ‘डोकं कमी’, ‘मोबाईलमुळे’ असलं काही ऐकून घेऊ नका.

यासाठी आधी ग्रामीण रुग्णालयात बालरोग तज्ज्ञ किंवा बाल स्वास्थ्य पथकाला भेटा. ते जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवू शकतात. विदर्भात नागपूर, अकोला, यवतमाळ, चंद्रपूर, गोंदिया इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. जाताना वह्या न्या, तारखांसकट, चांगली पानं आणि वाईट पानं दोन्ही. शाळेचा शेरा तुमच्याकडे नसतो, त्यामुळे वह्या हाच तुमचा पुरावा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे अशाच अडचणींचा, समावेश आहे, आणि प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक (मुलानं सांगितलेलं लिहून देणारं माणूस) अशा सवलती मागता येतात.

परीक्षा म्हणजे कोणती, हेही आधी ठरवून ठेवा. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाकडून पाचवी-आठवीपासून बसता येतं. एनआयओएस या केंद्राच्या मुक्त शिक्षण संस्थेतून दहावी करता येते. राज्य मंडळाच्या दहावीला फॉर्म नंबर १७ भरून खासगीरीत्या बसता येतं. आणि मधेच शाळेत घालावंसं वाटलं तर ६ ते १४ वयाच्या मुलाला शिक्षण हक्क कायद्यानं वयानुसार वर्ग मिळतो. सवलतीचा अर्ज प्रत्येक मंडळाकडे वेगळा असतो आणि तो परीक्षेच्या बराच आधी द्यावा लागतो, म्हणून परीक्षेचा फॉर्म भरतानाच चौकशी करा.

लेखनिक मिळणार असेल तर त्याचाही सराव लागतो. उत्तर आधी मनात जुळवायचं, मग वाक्यावाक्यानं सांगायचं, कुठे पूर्णविराम, कुठे नवा परिच्छेद तेही सांगायचं, आणि लिहिणाऱ्याचा हात थांबेपर्यंत पुढचं वाक्य अडवून धरायचं. आठवड्यातून दोनदा तुम्ही त्याची गोष्ट लिहून घेत असाल तर यातलं निम्मं काम झालेलं आहे. शेवटच्या वर्षी फक्त लिहिणारं माणूस बदला: आईऐवजी शेजारची कॉलेजात जाणारी ताई बसवा, कारण आईला अर्ध्या शब्दात कळतं आणि परक्या माणसाला कळत नाही.